विनोदकुमार शुक्लांना मोठ्याने वाचताना

हिंदीतले कवी-कादंबरीकार विनोदकुमार शुक्ल गेले आणि आमच्या वाचकमंडळात त्यांच्या आठवणीसाठी बसायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की झाली: भाषणं ठेवायची नाहीत. 23 डिसेंबर 2025 ला रायपूरच्या एम्समध्ये ते गेले. पुढच्या चार-दोन दिवसांत वर्तमानपत्रांतून त्यांच्याबद्दलची सगळी माहिती येऊन गेली होती. 1 जानेवारी 1937 चा जन्म, म्हणजे 89 वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम आठवडा उरलेला. 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार, 2023 मध्ये अमेरिकेतला पेन-नाबोकोव्ह पुरस्कार, मार्च 2025 मध्ये जाहीर झालेलं ज्ञानपीठ. छत्तीसगडच्या लेखकाला ज्ञानपीठ पहिल्यांदाच मिळालं आणि नोव्हेंबरात ते रायपूरला त्यांच्या घरी जाऊन देण्यात आलं. हे सगळं सांगायला हवंच. पण एवढं ऐकून घरी गेलेल्या माणसाच्या कानावर शुक्लांचं एक वाक्यसुद्धा पडलेलं नसतं, आणि मला त्याचीच हळहळ वाटत होती.

लेखक गेला की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. टेबलावर पांढरी चादर, फोटोला हार, उदबत्ती, मग अध्यक्ष आणि वक्ते, कधीही भरून न निघणारी पोकळी, दोन मिनिटं उभं राहून शांतता. अशा सभांना मी मनापासून जात आले आहे. घरच्यांना त्यातून धीर मिळतो, गावानं आपल्या माणसाची दखल घेतली असं होतं. पण शुक्लांच्या घरचं कुणी आमच्याकडे येणार नव्हतं. आम्हा कुणाची त्यांच्याशी ओळख नव्हती, भेट नव्हती. आमच्याजवळ त्यांची पुस्तकं तेवढी होती. तीच काढून मोठ्याने वाचू या, असं मी सुचवलं. मंडळातले काका, सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, लगेच म्हणाले, "हेच बरं राहील मॅडम. आपणच बोलत बसलो तर त्यांचं राहूनच जाईल नं."

मंडळ जमतं ते पश्चिम नागपुरातल्या एका वस्तीतल्या वाचनालयात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. सगळे मराठी वाचणारे. तरी हिंदी लेखकासाठी बसायचं यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. भाजीवाल्याशी, ऑटोवाल्याशी, सदरमधल्या दुकानदाराशी आमची बोली हिंदीच असते, मग ती कशी का असेना. 1956 पर्यंत नागपूर राजधानीचं शहर होतं आणि रायपूर आमच्याच प्रांतात होतं. आजही हावड्याच्या गाडीत बसलं की गोंदिया, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. शुक्लांचं हे जन्मगाव आम्हाला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. इथल्या बांधकामांवर छत्तीसगडी बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत. त्यामुळे शुक्लांच्या कादंबऱ्यांतली माणसं कशी बसतात, कशी बोलतात, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

प्रास्ताविकात मी मुक्तिबोधांबद्दल तेवढं सांगायचं ठरवलं होतं. गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे. ते बरीच वर्षं नागपुरात होते. आधी आकाशवाणीवर, मग 'नया खून' या साप्ताहिकात त्यांनी नोकरी केली. त्यांचे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध म्हणजे 'क्षिप्रा' आणि 'सरहद्द' लिहिणारे, नागपूरच्याच महाविद्यालयात मराठी शिकवणारे. आमच्या मंडळातल्या दोघांनी त्यांना वर्गात शिकवताना ऐकलं आहे. थोरले मुक्तिबोध 1958 मध्ये नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गेले. तिथे जबलपूरला शेतकीचं शिक्षण घेणारा एक मुलगा आपल्या कविता घेऊन त्यांच्याकडे गेला. मुक्तिबोधांनी त्या कविता श्रीकांत वर्मांच्या 'कृति' मासिकाकडे पाठवल्या आणि त्या छापून आल्या. तो मुलगा म्हणजे विनोदकुमार शुक्ल. नागपुरात पोट भरेना म्हणून एक कवी राजनांदगावला जातो काय आणि तिथे त्याला हा मुलगा भेटतो काय! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. इथल्या शाळा-कॉलेजांतून ती सांगितली जात नाही, हे मला खटकतं.

मग पुस्तकं गोळा करायला लागलो. वाचनालयात 'नौकर की कमीज़'ची एक जुनी प्रत निघाली. पुठ्ठ्याची बांधणी, पानं पिवळी, आत चिकटवलेल्या कागदावरचा तारखेचा शेवटचा शिक्का पार पुसट झालेला. 1979 ची ही कादंबरी. मणी कौल यांनी 1999 मध्ये तिच्यावर चित्रपट केला, तेव्हा कुणीतरी ती वाचायला नेली असावी. 'दीवार में एक खिड़की रहती थी' मात्र शोधावी लागली नाही. मंडळातल्या तीन तरुण मुलींकडे आणि एका मुलाकडे तिच्या कोऱ्या प्रती होत्या. इन्स्टाग्रामवर कुणीतरी तिच्यातला उतारा वाचून दाखवलेला त्यांनी ऐकला होता आणि लगेच पुस्तक मागवलं होतं. 1997 साली आलेली ही कादंबरी 2025 मध्ये एवढी खपली की, रायपूरला एका कार्यक्रमात शुक्लांना मानधनापोटी 30 लाखांचा धनादेश दिला गेला. बातमी आली तेव्हा आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली, रील पाहून वाचणारे काय वाचणार म्हणून. मला ते पटलं नाही. नव्वदीकडे झुकलेल्या लेखकाला जाण्याआधी विशीतले वाचक भेटले, यात वाईट काय आहे? आणि त्या मुलींच्या प्रती मी हातात घेऊन पाहिल्या आहेत. पेन्सिलीच्या खुणा शेवटच्या पानापर्यंत होत्या.

हिंदीत वाचायचं की मराठीत उतरवून, यावर एक संध्याकाळ गेली. एका ताईंनी दोन परिच्छेद मराठीत करून आणले होते, चांगले केले होते. पण मूळ वाक्य चालता चालता जिथे थबकतं आणि मागे वळून पाहतं, तिथे मराठी वाक्य सरळ पुढे निघून जात होतं. त्यांनीच शेवटी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हिंदीतच वाचा, आपल्याला समजते सगळं." वाचन हिंदीत, बोलणं मराठीत असं ठरलं.

खरी अडचण पुढे आली, उतारे निवडताना. शुक्लांच्या कादंबरीतून उतारा काढणं फार कठीण आहे. दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकात भांडणाचा, मरणाचा, भेटीचा असा एखादा प्रसंग सापडतो आणि तो उचलून वाचता येतो. यांच्याकडे असा उंचवटा नसतोच. 'दीवार में एक खिड़की रहती थी'च घ्या. रघुवर प्रसाद नावाचा माणूस गावाबाहेरच्या महाविद्यालयात गणित शिकवतो, भाड्याच्या एका खोलीत राहतो, बायकोचं नाव सोनसी. कॉलेजला जायला टेम्पो मिळत नाही. एक दिवस एक साधू आपल्या हत्तीवरून त्याला सोडतो, मग रोजच सोडायला लागतो. त्या खोलीला एक खिडकी आहे आणि तिच्यातून नवरा-बायको पलीकडे उतरतात. तिथे शेणानं सारवलेली पायवाट आहे, तळी आहेत, झाडं आहेत, चहा पाजणारी एक म्हातारी आहे. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण हत्तीबद्दल पहिल्यांदा जे सांगितलं आहे ते वाचलं नाही, तर पन्नास पानांनंतर हत्ती नुसता उभा असतो तेव्हा पोटात जे कालवतं ते कालवत नाही. छोटे छोटे शब्द आधी येऊन गेलेले असतात आणि नंतरचा सगळा परिणाम त्यांच्यावर उभा असतो. आम्ही पानं निवडायचो आणि वाचून पाहिलं की कळायचं, याच्याआधीची चार पानं घ्यावी लागणार. मग त्याच्याआधीची दोन. असं करता करता मूळ बेत होता त्याच्या दुप्पट मजकूर झाला. शेवटी ठरवलं की तुकडे थोडे घ्यायचे पण लांब घ्यायचे, आणि मधलं एकही वाक्य गाळायचं नाही.

'नौकर की कमीज़'मधला शर्टाचा भाग काकांनीच मागून घेतला. संतू बाबू हा एका कार्यालयातला कारकून. साहेबानं आपल्या घरच्या नोकरासाठी एक शर्ट शिवून घेतला आहे. आदर्श नोकर कसा असावा हे त्या शर्टाच्या मापात ठरलेलं. जुना नोकर गेला आहे आणि शर्ट ज्याच्या अंगाला बसेल असा माणूस हवा आहे. तो संतू बाबूच्या अंगाला बसतो. तिकडे संतू बाबूची बायको घरमालक डॉक्टरांच्या घरी हळूहळू कामाला जुंपली जाते. त्यांचं छप्पर गळतं आहे, आणि गळणारं छप्पर दुरुस्त करून घ्यायचं तर मालकाशी संबंध बरे ठेवावे लागतात. कुणी कुणावर ओरडत नाही, कुणी मारत नाही. सगळं समजुतीनं, गोडीगुलाबीनं होतं आणि माणूस नोकर होऊन बसतो.

वाचायचा सराव सुरू झाला तेव्हा या लेखकाची खरी ओळख झाली. मी वर्षानुवर्षं मराठी शिकवते, वर्गात कादंबऱ्या वाचून दाखवते, आकाशवाणीवरही वाचलं आहे. पण शुक्लांचं पान वाचताना नेहमीची सगळी हत्यारं खाली ठेवावी लागतात. आवाजात चढउतार आणला की वाक्य मरतं. विनोदी जागा दाखवायला गेलं की विनोद जातो. एका तरुण मुलीनं हत्तीचा भाग फार गोड करून वाचला, लहान मुलांना गोष्ट सांगावी तसा, आणि ऐकताना आम्हा सगळ्यांना कंटाळा आला. तिचं तिलाच जाणवलं. दुसऱ्या वेळी तिनं तोच भाग बिलाचा तपशील वाचावा तसा सपाट आवाजात, सावकाश वाचला. लगेच हत्ती खोलीत आला. तेव्हा लक्षात आलं, की शुक्ल नवलाची गोष्ट आणि रोजची गोष्ट एकाच सुरात सांगतात. भाजी चिरणं आणि खिडकीतून दुसऱ्या जगात उतरणं यांत त्यांच्या वाक्याला फरक माहीत नाही. वाचणाऱ्यानं तो फरक केला की सगळं संपलं.

दुसरी अडचण संवादांची. नवरा-बायको एकमेकांशी लहान लहान वाक्यांत बोलतात, एकामागून एक, आणि कोण बोललं ते दर वेळी सांगितलेलं नसतं. डोळ्यांनी वाचताना ते चालतं. कानांनी ऐकताना गोंधळ होतो. म्हणून एक मुलगा आणि एक मुलगी असं दोघांत वाटून पाहिलं. ती श्रुतिका झाली. दोघांची बोलणी वेगळी पडली, आणि कादंबरीत तर दोघांची बोलणी एकमेकांत मिसळत जातात, थोड्या वेळानं कोण काय म्हणालं याला महत्त्वच उरत नाही. पुन्हा एका आवाजावर आलो. फक्त प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायचा, एवढाच नियम ठेवला. मागे बासरी लावायची सूचना आली होती, ती नको म्हटलं.

एक पान वाचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं, तर इतर पुस्तकांच्या जवळजवळ दीडपट लागत होता. एवढ्या सोप्या हिंदीला! एकही अवघड शब्द नाही, सातवीतल्या मुलालाही कळेल. पण वाक्य पुरं झालं की ऐकणाऱ्याला ते एकदा उलटून पाहावंसं वाटतं आणि तेवढी जागा त्याला द्यावी लागते. मी स्वतः ही पुस्तकं याआधी भराभर वाचली होती, कथानक पकडत. या सरावातच ती मला पहिल्यांदा पुरी मिळाली असं म्हणायला हवं.

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी बसलो. थंडी चांगली होती, स्वेटर-मफलर घालून माणसं आली, खोली भरली आणि काहींना जिन्यात बसावं लागलं. आमच्या मंडळाबाहेरचे बरेच होते. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. शुक्लांनी रायपूरला आयुष्यभर शेतकीच शिकवली, एवढ्या एका नात्यानं ते आले. त्यांनी शुक्लांचं काहीच वाचलेलं नव्हतं. "आमच्यातला एक माणूस एवढा मोठा लेखक झाला, आम्हाला पत्ताच नाही," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

काकांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज म्हणजे फाईलवरची टिपणी वाचून दाखवणारा आवाज, आणि या कादंबरीला याहून योग्य आवाज मी कल्पू शकत नाही. शर्ट अंगाला बसतो तिथवर ते आले तेव्हा आधी दोन-तीन जण हसले, मग खोलीतलं हसू थांबत गेलं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं नाही. तसंच मांडीवर ठेवून बोलायला लागले. तरुणपणी साहेबांच्या बंगल्यावर ते सिलिंडर पोचवायचे, साहेबांच्या मुलाला शिकवणीला सोडायचे, दिवाळीत झालर लावायचे. "आम्हाला कुणी हुकूम नाही दिला कधी," ते म्हणाले. "साहेब मोठे प्रेमळ होते. चहा द्यायचे. त्याच्यातच सगळं आलं. हे पुस्तक मी रिटायर झाल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर निदान मला समजलं असतं की काय चाललं आहे." शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. ही गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग हत्ती, मग खिडकी. खिडकीचा भाग झाल्यावर मागच्या रांगेतल्या एक आजी बोलल्या. सुनेबरोबर आलेल्या, हिंदी कादंबरी कधी हातात न घेतलेल्या. लग्नानंतर इतवारीत एका वाड्यात त्यांचा संसार सुरू झाला, सासू-सासरे, दीर, सगळे मिळून एक खोली आणि पुढचा ओटा. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे पाणी आणायला निघाल्यावर, तेही दोन शब्द. "या लेखकानं त्या दोघांना जागा करून दिली," त्या म्हणाल्या. "घरात नाही तर भिंतीच्या पलीकडे करून दिली. आम्हाला कुणी दिली नाही बाप्पा." या कादंबरीवर मी समीक्षेचे लेख वाचले आहेत, जादुई वास्तववाद वगैरे. पण रघुवर प्रसादच्या घरी आई-वडील राहायला येतात, खोली एकच आहे, नवं लग्न आहे, आणि खिडकीची गरज तिथून निर्माण होते, ही साधी गोष्ट आजींनी एकदा ऐकून ओळखली.

तासिका तत्त्वावर तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारा एक मुलगा म्हणाला, की रोज काळीपिवळीत कोंबून जाताना त्याला तो हत्ती आठवतो. पगार सहा-सहा महिने थकतो, वर्गात मुलं नसतात, आणि तरी रघुवर प्रसादसारखं वेळेवर पोचायची काळजी असते. राजनांदगावहून नागपूरला शिकायला आलेला एक विद्यार्थी मात्र थोडा नाराज होता. आमचं गाव आता असं राहिलेलं नाही, बाहेरचे लोक हे पुस्तक वाचून येतात आणि तळी शोधतात, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं मला आवडलं.

आणि मग सर बोलले. आंबेडकरी चळवळीत ज्यांचं आयुष्य गेलं, ज्यांच्या शब्दाला आमच्या मंडळात वजन आहे असे सर. त्यांनी शांतपणे विचारलं, "या खिडकीतून कोण जाऊ शकतं? रघुवर प्रसाद जातात, सोनसी जाते. ठीक आहे. पण या पुस्तकात गरिबी एवढी सुंदर का आहे? पायवाट शेणानं सारवलेली, स्वच्छ. ती कुणी सारवली? आमच्या आया सारवत होत्या. त्यांना कंबरदुखी होती. या लेखकाला राग येत नाही का?"

खोलीत चुळबुळ झाली. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात असं बोलायचं का, असंही कुणाच्या मनात आलं असेल. मला मात्र वाटलं की आता खरं स्मरण सुरू झालं. जिवंत लेखकाशी जसं भांडावं तसं सर भांडत होते, आणि हा आक्षेप खोटा नाही. 'दीवार'मध्ये जात जवळजवळ दिसत नाही, भूक दिसत नाही, माणसं एकमेकांशी फार चांगली वागतात. हे पुस्तक वाचून मन निवतं, आणि निवलेलं मन पुष्कळदा प्रश्न विचारत नाही. तरुण वाचकांत तेच पुस्तक एवढं का चाललं आणि 'नौकर की कमीज़' का मागे राहिली, याचंही उत्तर कदाचित इथेच असेल.

पहिलं उत्तर दिलं ते हत्तीचा भाग वाचणाऱ्या मुलीनं. ती म्हणाली, "सर, मी हे पुस्तक घेतलं तेव्हा मला नोकरी नव्हती. मला राग भरपूर होता, तो कुणी द्यायची गरज नव्हती. एवढ्या कमी पैशांत राहणारी दोन माणसं कुणीतरी इतक्या मानानं लिहिली आहेत, हे मला हवं होतं." सर म्हणाले, "मान आणि सुख यांत फरक आहे बेटा." ती म्हणाली, "हो सर, पण मला दोन्ही नव्हतं."

काकांनी जुनं पुस्तक वर धरलं. म्हणाले, "राग इथे आहे. त्यांनी तो ओरडून नाही सांगितला, पण आहे. शर्ट फाडेपर्यंत आहे."

माझं मत मी तेव्हा मांडलं नाही, इथे लिहिते. मला शुक्लांच्या या दोन्ही कादंबऱ्या एकाच माणसाच्या वाटतात, कारण दोन्हींत त्यांची नजर एकाच ठिकाणी आहे: ज्याच्याकडे कुणी दोनदा पाहत नाही अशा माणसाच्या दिवसावर. पहिलीत त्या दिवसावर मालकाचा हात पडतो तेव्हा काय होतं ते आहे. दुसरीत तो हात जरा वेळ दूर आहे असं समजून माणूस कसा जगला असता ते आहे. म्हणून सरांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की, या कादंबऱ्या प्रकाशित झाल्या त्या क्रमानं वाचाव्यात. शर्ट आधी, खिडकी नंतर. शर्टाशिवाय खिडकी वाचली तर ती नुसती गोड लागते. तरीही शेणानं सारवलेल्या पायवाटेबद्दल सर जे बोलले त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ते वाक्य यापुढे ते पान वाचताना माझ्याबरोबर राहणार आहे.

नऊ वाजले तरी कुणी उठत नव्हतं. वाचनालय बंद करायचं होतं म्हणून जिन्यात, मग खाली रस्त्यावर बोलणं चालू राहिलं. कृषी महाविद्यालयाचे गृहस्थ 'नौकर की कमीज़'ची ती जुनी प्रत घेऊन जायला निघाले. ग्रंथपालांनी आधी त्यांना सभासद करून घेतलं, मगच पुस्तक दिलं. आजींच्या सुनेनं खिडकीच्या भागाची पानं मोबाइलवर काढून नेली, घरी सासूबाईंना पुढचं वाचून दाखवायला.

सरांनी जाता जाता अट घातली. असे निवडक उतारे आता बस झाले. 'नौकर की कमीज़' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची असेल तर मी येतो, आणि माझ्या वाट्याचं वाचतोही. फेब्रुवारीपासून तसं सुरू केलं आहे. दर बैठकीत एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, चर्चा वाचन संपल्यावर. वेग सावकाश आहे, पावसाळ्यापर्यंत पुरेल. त्यानंतर 'खिलेगा तो देखेंगे' घ्यायची आहे, जिच्यात गुरुजींचं कुटुंब ओस पडलेल्या पोलीस ठाण्यात राहायला जातं. 1996 ची ही कादंबरी आमच्यापैकी फार थोड्यांनी वाचली आहे आणि वाचनालयात तिची प्रत नाही. नागपुरात कुणाकडे असेल तर घेऊन यावी. प्रत आणणाऱ्याला पहिला भाग वाचायचा मान आहे. आवाज कसाही चालेल, फक्त घाई नको.